एकाच डबीतला तपकिरी

मंगळवारी सहा वाजता मी दुकानाची पाटी उलटी करतो,
कवळ्यांचे साचे फडताळात ढकलतो
आणि बाकावर किनुआचं पठार अंथरतो:
प्लायवूड, भुसा, सरस,
मागे दातांच्या प्लॅस्टरचा कुंदुरकुंका.
डोंगर यंदा जरा बुटका आहे.
प्लॅस्टर संपत आलं होतं, आणि दोन्या इंदालेसियाचा वरचा जबडा
शुक्रवारी द्यायचाय.

तेओदोसिओ येतो गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेऊन.
तो कायम स्वातंत्र्याच्या बाजूचा.
मी राजाचा.
कुणीतरी व्हायलाच हवं, नाहीतर लढायचं कुणाशी?
एखाद्या मंगळवारी दान माझ्या बाजूनं पडतं,
इतिहास उलटतो,
मग चार दिवस तो माझ्याशी बोलत नाही.

शिशाचे शिपाई, करंगळीच्या नखाहून जेमतेम उंच,
चार-चार एका पट्टीवर चिकटवलेले,
म्हणजे मरतानाही चौघं मिळून मरतात.
त्यांची बटणं मी एका केसाच्या कुंचल्यानं रंगवतो,
ज्यानं खोट्या दातांवर चहाचे डाग रेखतो,
खरे वाटावेत म्हणून.

मिलुस्का, माझी नात, दिव्याच्या कडेला भूमितीशी झटापट करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"राजाची माणसं कुठली, आजोबा?"
स्पेनची, मी सवयीनं म्हणालो.
"मग त्यांच्या तोंडांना आपला रंग का?"

कुंचला हवेतच राहिला.
डबी एकच आहे. तपकिरी, झाकण गंजलेलं.
गोरा रंग लागतो तो अधिकाऱ्यांपुरता, थेंबभर.
बाकीचे कुस्कोचे, पुनोचे, शेजारच्या वांताचे,
बटाट्याच्या शेतातून दोरखंड लावून आणलेले.
दोन्ही फळ्यांत भावाला हाक एकच: वाउकी.
त्या सकाळी म्हणे, तोफा सुरू व्हायच्या आधी,
इकडचे तिकडचे मधल्या गवतात उतरले होते,
भाऊ, मेहुणे, एका गावचे,
आणि गळाभेट घेऊन आपापल्या रांगेत परत गेले होते.

"ती चाल कुठाय?" मिलुस्कानं विचारलं.

नियमांच्या पुस्तकात धुक्याला नियम आहे,
ओल्या दारूला आहे, बिथरलेल्या खेचराला दीड पान आहे.
गळाभेटीला नाही.

आता तेओदोसिओ हुज्जत घालणार, मला वाटलं.
मिलिमीटरवरून भांडणारा माणूस.
त्याचा थोरला भाऊ त्र्याऐंशी साली बाजारातून उचलला, लष्कराच्या ट्रकमध्ये,
खिशात कागद नव्हते म्हणून.
धाकटा त्याच महिन्यात डोंगरात गेला, दुसऱ्यांबरोबर.
हे मला ठाऊक आहे, मला ठाऊक असल्याचं त्याला ठाऊक आहे,
आणि बावीस वर्षांत आम्ही फक्त फाशांबद्दल बोललो.

त्यानं मोजपट्टी खिशात घातली.
फासे न टाकता
एक पट्टी उचलून मध्ये ठेवली.
मी एक ठेवली.
मग सगळ्याच.
संगिनी एकमेकींत अडकल्या, जवळ काही जाता येईना,
छातीला छाती लावायला शिशाचे तसे हात ओतलेलेच नाहीत.
नुसतीच दाटी झाली. बाजाराच्या दिवशी बस थांबल्यासारखी.

"किती वेळ?" मिलुस्का.
"एक चाल," तेओदोसिओ म्हणाला. घसा खाकरून पुन्हा: "एकच."

मग फौजा मागे नेल्या. लढलो. मी हरलो, रीतीप्रमाणे,
डावी बगल आधी कोसळली.
आवरताना त्याच्या पेटीत एक पट्टी जास्त निघाली,
माझ्यात एक कमी.
राखाडी डगले, ओरखडलेले; कुणाचे, दोघांनाही सांगता येईना.
"घेऊन जा," मी म्हणालो.
तो ती दिव्याखाली फिरवत राहिला, चौघांपैकी
शेवटून दुसऱ्याकडे बघत,
आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून
पेटी इथंच विसरून गेला.